आमची माईआत्या, राक्षसांची महाराणी

वयाच्या सतराव्या वर्षी मी माझ्या सख्ख्या आत्याला राक्षसांची महाराणी केलं, आणि तिला ते कळायला एक वर्ष लागलं. ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात यशस्वी वर्ष होतं. त्यानंतर इतकं नाव मला कधीच मिळालं नाही.

आधी महाराणीबद्दल सांगतो. दोन हजार चार-पाचच्या सुमारास दुपारी टीव्हीवर हिंदीत डब केलेली एक कार्टून मालिका लागायची, ‘सात सूर्यों के सिपाही’. सात पोरं, सात तलवारी, आणि त्या सातही जणांना पुरून उरणारी एकटी मलिका कालरंजनी. गळ्यापासून टाचेपर्यंत काळा झगा आणि तोंडावर कायम लोखंडी मुखवटा. मुखवट्यामागचा चेहरा शेवटच्या भागात दिसणार होता. पण शेवटचा भाग यायच्या आत चॅनेलवाल्यांनी मालिकाच बंद केली आणि त्या वेळेला गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लावली. (आज माझे गुडघे दुखतात, पण ते तेल मी घेत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.)

असं अर्ध्यावर सोडून दिलेल्या लोकांचा इंटरनेटवर एक फोरम होता. त्यावर जगभरातली, म्हणजे बोरिवलीपासून इंदूरपर्यंतची पोरं या मालिकेतल्या पात्रांची स्वतः काढलेली चित्रं टाकायची. त्याला फॅन आर्ट म्हणतात हे मला तिथेच कळलं. फोरमवर प्रत्येकाचं एक टोपणनाव असायचं. माझं होतं ‘लोन वुल्फ’, एकटा लांडगा. हा एकटा लांडगा मीरा रोडला वन बीएचकेमध्ये आईबाबांबरोबर राहायचा आणि त्याला दिवसातून तीनदा कोथिंबीर आणायला पिटाळलं जायचं.

घरात कॉम्प्युटर नव्हता. चित्र काढायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत न्यायचं, तिथल्या स्कॅनरचं झाकण नीट बसत नसल्यामुळे त्यावर टेलिफोन डिरेक्टरी ठेवून ती दोन्ही हातांनी दाबून धरायची आणि मग फोरमवर टाकायचं. मग दुसऱ्या दिवशी जाऊन कोण काय म्हणालं ते बघायचं. ‘ऑसम यार’ असं तिघांनी लिहिलं तर घरी येताना मी रिक्षात मागे न बसता ड्रायव्हरशेजारी बसायचो. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

आता आमच्या फोरमचं एक गुपित. आमच्यापैकी एकालाही हात काढता यायचे नाहीत. चेहरे यायचे, केस यायचे, तलवारीवरची नक्षी तर इतकी यायची की बघत राहावं. पण पाच बोटं नीट काढायची म्हटली की सगळ्यांची दांडी गुल. म्हणून आमची पात्रं नेहमी हात पाठीमागे बांधून उभी असायची, नाहीतर खिशात घालून, नाहीतर ऐन मोक्याच्या ठिकाणी धुकं यायचं. सगळ्यांना सगळ्यांचं माहीत होतं आणि कोणीही कोणाला काही विचारायचं नाही, हा आमच्यातला शिष्टाचार होता.

तर या फोरमवर एक स्पर्धा निघाली. विषय, ‘मुखवट्यामागे कोण?’ मी चार दिवस पेन्सिल चावत बसलो. खरं सांगायचं तर मला कल्पनाशक्ती नावाची गोष्ट फारशी नाही. समोर काहीतरी असलं की मी ते उतरवतो. शेवटी कपाटातून चुलतबहिणीच्या लग्नाचा अल्बम काढला. त्यातल्या एका फोटोत माझी माईआत्या होती. फोटोग्राफरने तिला ‘जरा बाजूला व्हा’ म्हटलं असावं, आणि पुढच्याच क्षणी त्या बिचाऱ्याने भीतीने बटण दाबलं असावं. धारदार नाक, हनुवटीवर तीळ, डावी भुवई कपाळाच्या दिशेने निघालेली, आणि चष्म्यावरून बघणारे ते डोळे.

मी तो चेहरा जसाच्या तसा उतरवला. चष्मा तेवढा वगळला आणि डोक्यावर दोन शिंगं बसवली.

पहिला नंबर आला. नुसता आला नाही, तर एका आठवड्यात अख्ख्या फोरमने ठरवून टाकलं की कालरंजनीचा खरा चेहरा हाच. मग सगळे तोच चेहरा काढायला लागले. इंदूरच्या एकाने माझ्या आत्याला तीन तोंडांच्या मगरीवर बसवलं. कोणीतरी तिच्या केसांना आग लावली. फोरम सांभाळणाऱ्याने तर तिच्या भुवईचं छोटं चित्र करून ठेवलं, आणि कोणी वेडंवाकडं लिहिलं की त्याच्या नावाखाली नुसती ती भुवई चिकटवायची. पोरं आपोआप सरळ यायची! एकमेकांना सलामसुद्धा ठरला. उजवा तळवा डाव्या डोळ्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, ‘मलिका देख रही है.’

हा चेहरा सुचला कुठून, असं सगळे विचारायचे. मी लिहायचो, ‘प्युअर इमॅजिनेशन, भाई.’

आता खरी आत्या. माझे आजी-आजोबा लवकर गेले. माईआत्या बाबांपेक्षा बारा वर्षांनी मोठी. संगमेश्वरजवळच्या गावात तिने लोकांचे ब्लाउज शिवून बाबांना वाढवलं, शिकवलं, मुंबईला नोकरीला पाठवलं. त्यामुळे आमच्या घरात कोणताही निर्णय माईआत्याला विचारल्याशिवाय व्हायचा नाही. परळची खोली सोडून मीरा रोडला यायचं का, हे तिने ठरवलं. बाथरूमच्या फरश्या तिने पोस्टाने आलेल्या तुकड्यांतून निवडल्या. बाबा ऑफिसात वीस माणसांचे साहेब होते, पण आत्याने ‘बाळू’ अशी हाक मारली की उठून उभे राहायचे. फोनवरसुद्धा.

बारावी झाली आणि मी घरात सांगितलं की मला कॉमर्स सोडून कमर्शिअल आर्टला जायचंय. आईने डाळीची फोडणी जाळली. बाबा ओरडले नाहीत. ते फक्त म्हणाले, “माई येतेय पुढच्या आठवड्यात. ती म्हणेल तसं.”

म्हणजे माझं अख्खं आयुष्य त्या भुवईवर येऊन थांबलं. फॉर्म भरायला मोजके दिवस उरले होते, आणि आत्याच्या मते चित्र काढणं म्हणजे जेवणाआधी पोरांना गुंतवून ठेवायचा प्रकार होता.

मी फोरमवरच्या दोन दोस्तांना साकडं घातलं. एक भाईंदरचा दीपेश मेहता. त्याच्या वडिलांचं हाटकेशला पुठ्ठ्याची खोकी छापायचं युनिट होतं. दुसरी नया नगरची नाझनीन, ती आर्ट कॉलेजात पहिलं वर्ष पूर्ण केलेली, म्हणजे आमच्यातली एकमेव अधिकृत व्यक्ती. ठरलं असं की दोघांनी रविवारी आमच्या घरी यायचं, फोरमवरच्या उत्तमोत्तम चित्रांची एक फाइल आणायची आणि आत्याला पटवायचं की हे टवाळ पोरांचं काम नाही, यात मेहनत आहे.

फोनवर मी दीपेशला एकच सूचना दिली. घरात मोठी माणसं आहेत, तेव्हा चित्रं सभ्य पाहिजेत. अंगभर कपडे असलेली.

वाचकहो, त्या मालिकेत अंगभर कपडे फक्त एकाच बाईचे होते!

हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. वर्षभर तो चेहरा शंभर वेळा बघून माझ्या लेखी ती कालरंजनी झाली होती. आत्या गावाला असायची आणि कालरंजनी फोरमवर. दोघींची गाठ पडेल असं कधी वाटलंच नव्हतं.

आत्या आली. येताना कुळथाचं पीठ, कोकमं आणि शिवणाची पिशवी घेऊन आली. पहिल्याच दिवशी आईच्या कपाटातले सगळे ब्लाउज बाहेर काढले आणि “हे कोणी शिवलेत, सुताराने?” असं विचारून उसवायला बसली. माझ्याकडे तिने चष्म्यावरून एकदा बघितलं. “चित्रं काढायचीत म्हणे तुला?” एवढंच म्हणाली आणि पुन्हा उसवायला लागली. त्या दिवशी मी कोणी न सांगता कोथिंबीर घेऊन आलो.

रविवारी दुपारी बेल वाजली तेव्हा मी आत चांगला शर्ट घालत होतो. दार आत्याने उघडलं.

बाहेर दीपेश आणि नाझनीन. वर्षभर ज्या चेहऱ्याची चित्रं रंगवली तो चेहरा, हातात कात्री घेऊन, दोन फुटांवर! नाझनीनचा तिथेच पुतळा झाला. दीपेशचा मात्र हात आपोआप वर गेला आणि त्याने उजवा तळवा डाव्या डोळ्यावर ठेवला.

“डोळे आलेत का रे तुझे?” आत्याने विचारलं. “हात लावू नकोस कशाला. सगळ्यांना देशील.”

आणि बाबांकडे वळून गुलाबपाणी आणायला सांगितलं. बाबा निघालेही.

मी धावत बाहेर आलो. दीपेश माझ्या कानात कुजबुजला, “भाई, तू तो बोला था इमॅजिनेशन है. ये तो चल रही है, बोल रही है.” मी त्याच्या काखेतल्या फाइलकडे बघितलं आणि मला सगळं एका झटक्यात कळलं. फाइल घेतली, दिवाणावर ठेवली आणि तिच्यावर बसलो.

पुढची दहा मिनिटं मी त्या फाइलवर बसून पोहे खाल्ले. दीपेशने सगळी चित्रं वडिलांच्या युनिटमध्ये जाड पुठ्ठ्यावर छापून आणली होती, त्यामुळे मी इतरांपेक्षा चार बोटं उंच दिसत होतो. नाझनीनने कॉलेजबद्दल, अभ्यासक्रमाबद्दल, नोकऱ्यांबद्दल इतकं छान सांगितलं की बाबा मान डोलवायला लागले. काम जवळजवळ झालं होतं. आणि मग बाबांना उत्साह आला.

“अरे, ती फाइल आणलीय ना त्यांनी? माईला दाखव की.”

मी म्हटलं, चित्रं अजून ओली आहेत. आत्या म्हणाली, “मग तू त्यांच्यावर का बसलायस?”

मी उठलो.

पहिल्याच पानावर ती मगरीवर बसलेली होती. आत्याने चष्मा नीट केला. दुसऱ्या पानावर केसांना आग. तिसऱ्या पानावर तिने एक अख्खं शहर गिळलेलं. बाबा तिच्या खांद्यामागून डोकावत होते. ते चौथ्या पानाला गॅलरीत निघून गेले आणि कुंडीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. (ते रडत होते असं त्यांनी पुढे अनेक वर्षं सांगितलं.) आई पाण्याचा तांब्या घेऊन आली, एक नजर टाकली आणि तांब्यासकट परत स्वयंपाकघरात गेली.

“ही कोण?” आत्याने विचारलं.

“राणी आहे,” मी म्हटलं.

“कुठली?”

“राक्षसांची.”

नाझनीन मदतीला धावली. “आंटी, ये सबसे पावरफुल है. सब डरते हैं इनसे.”

“तेवढं बरोबर आहे,” आत्या म्हणाली आणि पान उलटलं.

तिने सगळी फाइल बघितली. मग पुन्हा पहिल्या पानावर आली आणि परत सगळी बघितली, या वेळी सावकाश, काहीतरी हरवल्यासारखी. एक पुठ्ठा तर तिने उलटा करून मागच्या बाजूनेही बघितला. मनातल्या मनात मी कॉमर्सच्या वर्गात जाऊन बाकावर बसलोसुद्धा.

“हिचे हात कुठे आहेत?”

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. फोरमवर जे आजवर कोणी कोणाला विचारलं नव्हतं, ते या बाईने पोह्यांच्या बशा उचलायच्या आत विचारलं होतं. नाझनीन म्हणाली, झग्याच्या आत आहेत. दीपेश म्हणाला, पाठीमागे आहेत. मी म्हटलं, त्या चित्रात धुकं आहे.

बोलता बोलता आम्ही तिघांनीही आपापले हात पाठीमागे नेले होते.

आत्याने फाइल मिटली. भुवई वर गेली नाही, खाली आली, आणि ते जास्त वाईट होतं.

“चेहरा माझा आहे ते मला पहिल्या चित्रालाच कळलं. शिंगं काढलीस, काढ. मगरीवर बसवलंस, बसव. पण मेल्या, या नाकाला कोण घाबरतंय? या हातांनी तुझ्या बापाला न्हाऊमाखू घातलं, या हातांनी त्याला बदडला, याच हातांनी अख्ख्या गावाचे ब्लाउज शिवून त्याला बीकॉम केला. एवढी चित्रं काढलीत माझी, आणि एकालाही माझे हात काढावेसे वाटले नाहीत?”

गॅलरीतले खांदे हलायचे थांबले. मला खरोखरच शरम वाटली. शिंगांची वाटली नव्हती, खोटं बोलण्याची वाटली नव्हती, पण याची वाटली. कारण खरं उत्तर ‘वाटलं नाही’ हे नव्हतंच.

“येत नाहीत, आत्या,” मी म्हटलं. “हात काढता येत नाहीत मला.”

“आम्हालापण,” दीपेश हळूच मराठीत म्हणाला. तो मराठीत बोललेला मी पहिल्यांदाच ऐकला.

आत्याने डावा हात माझ्यासमोर धरला. “काढ. आत्ता.”

पेन्सिल आली, कागद आला. आत्याचा हात हवेत, आणि घर असं गप्प की शेजारच्या फ्लॅटमधला कुकर आमच्यात शिट्टी मारून गेला. मी काढलं, खोडलं, काढलं. बोटं एकदा सहा झाली, एकदा चार. शेवटी मी कागद पुढे केला.

आत्याने तो लांब धरला, जवळ धरला, आईला बोलावून दाखवला.

“आलं आहे हे,” ती म्हणाली. “चहात घालतात ते.”

मग तिने गॅलरीकडे बघून हाक मारली, “बाळू!” बाबा आत येऊन उभे राहिले.

“याला पाठव त्या कॉलेजात.”

बाबांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. मलाही तसंच वाटलं.

“अगं माई, पण तूच म्हणालीस ना, त्याला येत नाही म्हणून?”

“येत असतं तर कशाला पाठवायचं? माझ्या शिवणाच्या क्लासला ब्लाउज शिवता येणाऱ्या बायका येतात का? याला काहीही येत नाही. याला शिकवायची फार गरज आहे.”

अशा रीतीने मला प्रवेश मिळाला. बाकीच्यांच्या घरी ‘पोरगा हुशार आहे, जाऊ दे त्याला’ असं म्हणतात. माझ्या बाबतीत घरच्यांसमोर, दोन साक्षीदारांच्या उपस्थितीत, अडाणीपणा सिद्ध झाल्यावर परवानगी निघाली.

इथे मी थांबलो असतो तर थोडीफार अब्रू राहिली असती. पण आत्या थांबली नाही. तिने शिवणाच्या पिशवीतून कापडावर खुणा करायचा पांढरा खडू काढला, मगरीचा पुठ्ठा मांडीवर घेतला आणि त्या काळ्या झग्यावर दोन हात काढले. चाळीस वर्षं कापडावर बाह्या, गळे आणि बगला आखलेली बाई ती. दोन मिनिटं लागली. एका हातात कात्री, दुसऱ्या हाताच्या चिमटीत टाचणी. बोटांची पेरं, नखं, अंगठ्याजवळची सुईची जुनी खूण, सगळं. मगर एकदम घाबरलेली दिसायला लागली.

नाझनीनने तो पुठ्ठा मागून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी फोरमवर टाकला. त्या महिन्यातलं सर्वोत्तम चित्र तेच ठरलं. ‘हे हात कोणी काढले?’ अशी विचारणा पानं भरभरून झाली. नाझनीनने खरं ते लिहिलं, ‘खुद्द मलिका ने.’ सगळ्यांना तो विनोद वाटला. लोन वुल्फचा पहिला नंबर त्यानंतर कोणालाही आठवला नाही, आणि माझ्या प्रत्येक नव्या चित्राखाली कोणीतरी फक्त ती भुवई चिकटवून जायचं.

मी कॉलेज केलं. पास झालो. आज मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो. मध्यंतरी एका शाळेच्या मुख्याध्यापकांचं प्रकाशकांकडे कौतुकाचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं की तुमच्या पुस्तकातल्या चित्रांमधली मुलं फार शिस्तीची आहेत, कोणत्याही पानावर बघा, हात पाठीमागे बांधून उभी असतात. आम्ही आमच्या मुलांना ती दाखवतो.

ते पत्र मी आत्याला फोनवर वाचून दाखवलं. ती आता थकलीय, कमी ऐकू येतं, म्हणून मला ते दोनदा मोठ्याने वाचावं लागलं.

“अजून येत नाहीत ना रे?” तिने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

आत्याने एक मोठा सुस्कारा सोडला.

“बाळूला सांगू नकोस,” ती म्हणाली.